चुकलेली एकादशी

सत्त्याण्णवच्या जानेवारीत कंपनीनं सणसरच्या घराघरांत कॅलेंडर वाटलं. वर हिरवं झाड, खाली मोर, मोराखाली ठळक अक्षरांत: 'आमच्या प्रकल्पातून सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जात नाही.' प्रकल्पात मळीपासून अल्कोहोल काढायचे आणि उरलेलं तांबडं पाणी आमच्या ओढ्यात सोडायचे. ओढ्याकाठी आमची विहीर.

माझा ऋषिराज नऊ महिन्यांचा. विहीर तांबडी झाली की दोन दिवसांत त्याचं पोट बिघडायचं. कितीही उकळलं तरी पाण्याचा वास जायचा नाही. कॅलेंडरावर दुधाच्या खाड्यांच्या निळ्या फुल्या करायचेच, तांबड्या पाण्याच्या दिवसाला लाल गोल करू लागले.

इंदापूरचे मोहनराव वकील ते पाहून म्हणाले, "बोललेलं नाकारता येतं, छापलेलं नाही. हे जपा." त्यांनी मोराखालची ओळ जशीच्या तशी घालून कंपनीला नोटीस धाडली.

आठव्या दिवशी जीप आली. कंपनीचे हिंदुराव उतरले, काखेत नव्या कॅलेंडरांचा गठ्ठा. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"नको वहिनी, तहान नाही." कपाळावरून घाम निथळत होता. "जुनं कॅलेंडर द्या, नवं घ्या. छपाईत चूक झालीय. एकादशी एक दिवस पुढं पडलीय."

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "म्हंजी मी एकादशीला जेवली?"

"तसंच झालं असंल, आत्या."

या एका थापेवर अख्ख्या आळीनं कॅलेंडरं बदलून घेतली होती. जीपमध्ये जुन्यांचा ढीग दिसत होता.

मी दोन्ही कॅलेंडरं शेजारी धरली. एकादश्या जिथल्या तिथं. मोरही होता. फक्त थेंबाची ओळ जाऊन तिथं 'वसुंधरेच्या सेवेत' आलं होतं. सेवेला कोण कोर्टात खेचणार?

"आत्या, तुम्हीच बघा," मी सासूबाईंना म्हणाले.

सासूबाईंना अक्षर येत नाही, पण एकादशीची खूण बरोबर कळते. पानापानावर बोट फिरवून झाल्यावर त्या वळल्या.

"पाणी नासवलंत ते दिसतंयच. आता माझा उपास बी नासवतोस व्हय रं?"

"आत्या, मला वरून सांगितलं तसं..."

"वरून म्हंजी? पांडुरंगानं?"

हिंदुराव माझ्याकडं वळले. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. दोन शब्दांसाठी कशाला ताणता?"

"मग तुम्ही दोन शब्दांसाठी जीप घेऊन का फिरताय?"

तेवढ्यात त्यांना लाल गोल दिसले. ओठ हलवत ते मोजू लागले.

"थांबा, आजचा राहिलाय," म्हणत मी लाल पेन घेतलं आणि त्यांच्यादेखत गोल केला.

सासूबाईंनी कॅलेंडराची सुरळी केली. हिंदुरावांच्याच गठ्ठ्याची सुतळी सोडवून तिला बांधली आणि माझ्या हातात दिली. "आत्ताच्या येष्टीनं इंदापूरला जा. वकिलाच्या हातात दे. पोरगं मी सांभाळते."

"आणि त्याला पाणी?"

सासूबाई जीपपाशी गेल्या. पुढच्या सीटवर विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली होती. ती त्यांनी उचलली.

"ह्यास्नी कुठं तहान हाय," त्या म्हणाल्या.