चादरीवरचा मासा

ग्लेनिस पॅस्को गावच्या हॉलवर यायला तयार नव्हती, म्हणून तिच्या नवऱ्यानं, लिंडसेनं, तिला फसवून आणलं.

"हॉलचा पत्रा वाजतोय म्हणे वाऱ्यानं. बघून येतो. तू नुसती गाडीत बस," तो म्हणाला.

जानेवारी म्हणजे या दक्षिणेकडच्या देशात ऐन उन्हाळा, उत्तरेकडून भट्टीतून सुटल्यासारखं वारं, आणि गाडीचा एसी कधीच बंद पडलेला. गाडीत बसून राहणं म्हणजे शिजणं. त्यामुळे हॉलच्या दाराशी आल्यावर ग्लेनिसला काठी टेकत उतरावंच लागलं. ती पायरी चढते न चढते तोच मागे गाडी सुरू झाली.

"लिंडसे!"

"आलोच! शिडी विसरली घरी!"

खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. गाडी वळताना मागूनसुद्धा दिसत होते.

दर उन्हाळ्यात नाताळ झाला की बालवाडी बंद आणि आईबाप कामावर. गावातल्या चिल्ल्यापिल्ल्यांना ग्लेनिस सकाळी या हॉलमध्ये जमवायची. रंग, गोंद, कागदी थाळ्या, शिंपले, धक्क्याखाली सापडलेले दोऱ्यांचे तुकडे. अर्धं गाव तिच्याजवळ बसून कात्री धरायला शिकलं होतं. मग गेल्या हिवाळ्यात चहा ओतता ओतता तिचा उजवा हात मध्येच थांबला. अर्धांगवायूचा झटका होता. पाय बराचसा परत आला. बोलणंही आलं, जरा संथ झालं इतकंच. हात मात्र आला नाही. त्याची मूठ वळली ती वळलीच. ती मूठ ग्लेनिस स्वेटरच्या खिशात ठेवायची. एवढ्या उकाड्यातसुद्धा अंगात स्वेटर असायचाच.

आत नुसता गोंधळ होता. टॅमसिन एका हातानं रंगाचा डबा सावरत होती आणि दुसऱ्यानं टेबलावर चढणाऱ्या एकाला खाली ओढत होती. हीच टॅमसिन चार वर्षांची असताना नाकात मणी घालून बसली होती. आता गावातल्या बालवाडीची शिक्षिका तीच.

"पॅस्कोबाई! आलात! बसा, बसा. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

हे 'नुसतं बसायचं' ग्लेनिसला जिव्हारी लागलं, पण ती बसली.

जमिनीवर डबल बेडची जुनी चादर पसरली होती. तिच्यावर कोळशानं एक भलामोठा मासा काढला होता. पोरांनी रंगात तळवे बुडवून त्याच्यावर खवले उमटवायचे आणि रविवारी पोहण्याच्या शर्यतीला तो धक्क्याच्या कठड्यावर टांगायचा, असा बेत होता. मासा चांगला होता. पण शेपटीला शिंपले चिकटवायचा गोंद पाण्यासारखा झाला होता. सगळे शिंपले घरंगळत होते, आणि टॅमसिनच्या ते लक्षातच येत नव्हतं. ग्लेनिसनं ओठ मिटून घेतले. आपलं काय जातंय?

एक मुलगा चमकीची बाटली घेऊन तिच्यासमोर आला. "उघड."

ग्लेनिसनं बाटली मांडीत धरून डाव्या हातानं झाकण फिरवून पाहिलं. बाटलीच गोल फिरली. पोरानं जरा वेळ वाट पाहिली, मग बाटली काढून घेतली आणि दुसरीकडे गेला. रुसलाही नाही. बंद दुकानासमोरून माणूस पुढे जातो तसा गेला.

ग्लेनिस उठली आणि मागच्या ओसरीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसली. डोळे भरून आले होते. ते पुसायला निदान डावा हात तरी होता.

थोड्या वेळानं बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी येऊन बसलं. चार वर्षांची मार्नी. तिचे आजोबा धक्क्यावर माकूळ पकडायचे. तिचे दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात कोपरापर्यंत खुपसलेले.

"मी आत जाणार नाही," मार्नी म्हणाली.

"बरं."

"तो रंग चिकट आहे. गार पण आहे. टॅमसिन म्हणते सगळ्यांनी हात बुडवायचा. मी नाही बुडवणार."

"नको बुडवूस."

मार्नीला भांडायचं होतं, आणि समोरून कुणी भांडत नव्हतं. ती थोडी सरकून जवळ आली. "तुझा हात पण खिशात आहे. तुला पण नाही बुडवायचा?"

"माझा हात बिघडलाय."

"बघू."

गेल्या सात महिन्यांत डॉक्टरांनी आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईनं 'बघू' म्हटलं की ग्लेनिस मान फिरवायची. आता तिनं मान फिरवली नाही. डाव्या हातानं मूठ खिशातून काढून मांडीवर ठेवली.

मार्नीनं वाकून वास घेतला. "झोपलाय?"

"बहुतेक."

"उठव ना."

"मी हाका मारते गं. ऐकत नाही."

"आतमध्ये काय आहे?"

"काही नाही."

"मग घट्ट का धरलंय?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं स्वतःचे हात खिशातून काढले. "माकूळ त्याच्या लांब लांब पायांनी असंच धरतं. ओढायचं नाही, आजोबा म्हणतात. शेवटापासून सोडवायचं."

तिनं करंगळी धरली. ओढली नाही, नुसती धरून ठेवली. जरा वेळानं ती ढिली झाली. मग तिच्या शेजारचं बोट. दुखत नव्हतं. दुसऱ्या खोलीत कुणीतरी हळू बोलत असावं, तसा तो स्पर्श लांबून कळत होता. तळवा उघडला तर आत नखांच्या खुणा आणि घामानं ओली झालेली स्वेटरची लोकर. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यात मांजर आहे," मार्नी म्हणाली आणि लोकरीचा गोळा उचलून टाकीखाली टाकला. मग तळव्यावर फुंकर मारली. "हा हात मोठा आहे. याचा खवला मस्त होईल."

"माझा?"

"मी ब्रशनं रंग लावते. मला नाही लागणार. तुला लागला तरी चालेल, तो झोपलाय."

हिशोब सरळ होता. ग्लेनिसनं काठी घेतली.

दोघी आत आल्या तसे टॅमसिनचे डोळे विस्फारले. ग्लेनिसनं तिला नजरेनंच गप्प केलं, पूर्वी पोरांना करायची तसं. खुर्चीचा आधार घेत ती चादरीशी गुडघ्यांवर बसली. मार्नीनं पुन्हा करंगळीपासून मूठ सोडवली, निळ्या रंगात ब्रश बुडवला आणि जीभ बाहेर काढून एकेक बोट रंगवलं, नखंसुद्धा. मग ग्लेनिसनं डाव्या हातानं उजवा उचलून माशाच्या पोटावर टेकवला. टेकवताच बोटं परत वळायला लागली.

"थांब! झोपेत वळतोय!" मार्नी ओरडली आणि आपले दोन्ही तळवे त्या हातावर पसरून सगळं वजन टाकून बसली. "थांब म्हटलं ना! शहाण्या!"

हात बाजूला केला तेव्हा चादरीवर एक फिसकटलेला, वाकडा, मोठा निळा खवला उमटला होता. मार्नी खूश झाली. मग तिनं स्वतःचे हात बघितले. दोन्ही निळे.

तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. बोटं फाकवून, हात अंगापासून लांब धरून ती उभी राहिली.

"लागलं," ती बारीक आवाजात म्हणाली.

"लागलं खरं," ग्लेनिस म्हणाली. "आता काय करूया? पुसायचं की उमटवायचं?"

मार्नीनं विचार केला. माशाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मग पुढे होऊन दोन्ही तळवे ग्लेनिसच्या स्वेटरवर, छातीवर, ठप्पकन उमटवले.

"मार्नी!" टॅमसिन किंचाळली.

ग्लेनिस हसली. झटक्यानंतर तिचं हसू एका बाजूनं यायचं, दुसरी बाजू मागे राहायची, म्हणून ती हसणं टाळायची. आता तिला ते आवरलंच नाही. खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत राहिली. पोरंही हसायला लागली, कशाला ते न कळता.

"टॅमसिन," ती डोळे पुसत म्हणाली, "आधी तो गोंद टाकून दे. मासा टक्कल पडल्यासारखा दिसायला लागलाय. खळ करायला पीठ आहे का कपाटात? आण इकडे. आणि या टेबलावर चढणाऱ्या पठ्ठ्याला माझ्याजवळ बसव. काय रे, नाव काय तुझं?"

टॅमसिन हसत हसत पीठ आणायला पळाली. वाटेत तिनं हातातल्या फडक्यानं नाक पुसलं. फडकं रंगानं माखलेलं होतं, नाक हिरवं झालं.

लिंडसे परत आला तेव्हा स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला टाकला होता. ग्लेनिस उघड्या हातांनी पोरांच्या घोळक्यात बसून हुकूम सोडत होती. तो दारातच थांबला.

"सापडली शिडी?" तिनं विचारलं.

"कसली शिडी?" तो म्हणाला, आणि कान लाल झाले.

घरी आल्यावर तो तिच्यामागून मोरीशी आला. उजवा हात ती त्याला धुऊ द्यायची नाही. टॉवेल घेऊन पुढे झाला की "मी बघते" म्हणायची, आणि तो टॉवेल ठेवून बाहेर जायचा. आजही त्यानं टॉवेल ठेवला आणि तो वळला.

"जातोस कुठे?" ती म्हणाली. "बोटांच्या बेचक्यात रंग राहिलाय. मला एकटीला जमायचं नाही."

लिंडसेनं बाह्या वर केल्या. टाकीतलं पाणी जपून वापरायचं म्हणून खाली बादली लावली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. तो इतका जपून धरला की तिला हसू आलं.

"फुटायचा नाही. करंगळीपासून सुरुवात कर. ओढू नकोस, नुसता धर."

त्यानं धरला. बादलीतलं पाणी निळं व्हायला लागलं. एकेक बोट धूत तो अंगठ्यापर्यंत आला.

"परवा परत सोडू का हॉलवर?" शेवटी त्यानं विचारलं.

"उद्या सोड. उद्या पतंग करायचेत, आणि त्या पोरीला गाठसुद्धा धड मारता येत नाही."

"कुठल्या पोरीला? मार्नीला?"

"टॅमसिनला रे," ग्लेनिस म्हणाली, आणि अंगठा त्याच्या हातात तसाच राहू दिला.