नोव्हेंबरचं मचाण ऑगस्टात

ऑगस्ट महिना, बाहेर अंगाची नुसती लाही लाही होत होती, आणि वेंडेल स्टोडोला जोलीनच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात एका मचाणाच्या शिडीच्या सातव्या पायरीवर उभा होता. अंगात लोकरीचे दोन बनियन, त्यावर जाडजूड शर्ट, त्यावर डोळ्यांत खुपेल असं नारिंगी जाकीट, तसलीच पँट, गुडघ्यापर्यंत बूट आणि डोक्याला कानटोपी. घामाच्या धारा नाकाच्या शेंड्यावरून टपटप खाली पडत होत्या.

"चढ ना लेका!" खालून एमिल ओरडला. "तिथेच संसार थाटणारेस का?"

"उकडतंय रे!"

"उकडू दे. हरणं काय आज मारायचीत? ऑगस्टात पातळ सदऱ्यावर बसून बघितलेलं मचाण नोव्हेंबरात ढुंगणाला पुरत नाही."

एमिल युरेक म्हणजे वेंडेलच्या बायकोचा, मार्सेलाचा, थोरला भाऊ. वय त्र्याहत्तर, वेंडेलपेक्षा दोनच वर्षांनी मोठा. पेशानं सुतार, अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या त्या उत्तर टोकाला निम्मे गोठे त्याच्या हातचे. मेव्हणे नंतर झाले, दोस्त आधीपासूनचे. दर नोव्हेंबरात बंदुकीच्या शिकारीचे नऊ दिवस दोघं जंगलातल्या एकाच खोपटात राहायचे, एकाच कढईतलं खायचे आणि एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे. अशी अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. एकोणपन्नासावं होणार नव्हतं, कारण एमिल यायला तयार नव्हता.

"तुझं मचाण निवडून देतो, झाडाला आवळून बांधून देतो, की मी मोकळा," असं त्यानं येतानाच गाडीत सांगितलं होतं. "खोपटाची माझी किल्ली मार्सेलाकडे दिलीय."

वेंडेल खिडकीबाहेर बघत मूग गिळून गप्प बसला होता. गप्प बसण्यात तो नऊ महिन्यांत चांगला तरबेज झाला होता.

झालं होतं असं. गेल्या नोव्हेंबरात, पहिल्याच दिवशी, वेंडेल मचाणावरून खाली पडला. मचाण एमिलनं स्वतः बांधलेलं, ओकच्या झाडावर, लाकडी फळ्यांचं. वेंडेलचं गळ्याखालचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. बंदूक वर खुंटीला टांगलेली होती म्हणून बरं. आवाज ऐकून एमिल धापा टाकत आला, तर हा पालापाचोळ्यात आडवा आणि याच्या हातात कठड्याची उपटलेली फळी. एमिलचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी फळी तुटली. तुटली ना रे?" त्यानं विचारलं. आणि वेंडेलनं मान हलवली. होकारार्थी.

खरं काय होतं? वेंडेलला डुलकी लागली होती. एवढंच. ऊन अंगावर आलं, मान खाली गेली आणि मान गेली तिकडे माणूस गेला. पडता पडता त्यानं फळीला मिठी मारली. ओझं काही थोडंथोडकं नव्हतं, फळी त्याच्याबरोबर आली. आता डुलकी कुणाला लागत नाही? पण मचाणावर झोपणाऱ्यानं नऊही दिवस दोघांची भांडी घासायची हा नियम खुद्द वेंडेलचा. त्या नियमापायी एमिलनं आजवर किती कढया खरवडल्या असतील त्याला गणती नाही, आणि प्रत्येक वेळी वेंडेल शेजारी उभा राहून खिदळला होता. त्या दिवशी बरगड्या ठणकत होत्या आणि तोंडून खरं निघेना. दवाखान्यातून आल्यावर सांगू म्हणाला. मग नाताळ झाल्यावर सांगू म्हणाला. मग बर्फ वितळलं, आणि तोवर एमिलनं हत्यारांची पेटी माळ्यावर टाकून दिली होती.

"बसलास का?" एमिलनं विचारलं.

वेंडेल बसला. बसला म्हणजे अडकला. बैठकीचे दोन्ही बाजूंचे हात इतके जवळ की जाकिटासकट तो मध्ये घट्ट रुतला.

"जोलीन, मला बाहेर कसं काढणार?"

"लोणी लावून," जोलीन गल्ल्यामागून म्हणाली. पूर्वी या शेडमध्ये गवताच्या गंजी लावायचे, आता तिनं खांबाखांबाला विकायची लोखंडी मचाणं बांधून ठेवली होती. "तुम्ही पुढचं बघा, ते रुंद आहे."

पुढचं रुंद होतं, पण पाय टेकायला काही नव्हतं. दहा मिनिटांत वेंडेलच्या मांड्यांना मुंग्या आल्या. त्यापुढच्याला सगळं होतं, पण एमिलनं शिडी धरून गदगदा हलवली तर वरचा भाग कुरकुरला. "नाही. हरणांना काय वाद्य वाजवून बोलवायचंय?" एमिल म्हणाला आणि पुढच्या खांबाकडे वळला. प्रत्येक जोड तो बोटानं चाचपायचा, गुडघे टेकून खालचे बोल्ट बघायचा, वेल्डिंगवर नख घासायचा. जिना उतरताना भिंत धरणारा तो म्हातारा त्या दिवशी प्रत्येक शिडी स्वतः चढून आला.

वेंडेलचं स्वतःचं लक्ष फक्त एकाच गोष्टीवर होतं. पुढे आडवा दांडा आहे का? पुन्हा मान गेली तर अडवायला काहीतरी हवं. पण तसं विचारायचं कसं? "बंदूक टेकायला दांडा असला तर बरं," तो आडून आडून म्हणाला.

"तू कधीपासून बंदूक टेकवायला लागलास?" मार्सेलानं विचारलं. त्याची बायको दारापाशी बाकावर बसून ताज्या चीजचे तुकडे खात होती. पिशवी अर्धी झाली होती.

"खांदा मोडला होता ना माझा!"

"डावा मोडला होता."

"मार्सेला, तू खा."

शेवटी शेडच्या टोकाचं मचाण सापडलं. रुंद, जाळीची ताणलेली बैठक, पाठीला टेकण, पायाखाली पट्टी आणि पुढे छातीच्या उंचीला गादी गुंडाळलेला दांडा. एमिलनं शिडी हलवली, मग शिडीला लोंबकळला, मग जोलीनलाही लोंबकळायला लावलं. मचाण हूं की चूं करेना.

"आता बस," तो वेंडेलला म्हणाला. "जेवणाच्या वेळेपर्यंत. हलायचं नाही, बोलायचं नाही. शिकारीला बसतोस तसं."

"तीन तास?"

"पाच मिनिटं बसून सगळीच मचाणं चांगली वाटतात."

झालं! लोकर अंगावर, पंख्याचा घूं घूं आवाज, खाली मार्सेलाचं आणि जोलीनचं लोणच्याच्या काकड्यांवर लांबलेलं बोलणं. वेंडेलनं जीभ चावली, पाठ ताठ केली, समोरच्या फळीवरच्या गोळ्यांच्या खोक्यांवरची नावं वाचली, मग उलटी वाचली. काही झालं तरी इथे डोळा लागता कामा नये, असं त्यानं स्वतःला दहादा बजावलं. अकराव्यांदा बजावताना तो घोरत होता.

जाग आली तेव्हा गाल दांड्याच्या गादीवर होता आणि लाळेनं गादी ओली झाली होती. खाली तिघं मान वर करून उभी होती. संपलं सगळं, एमिलला कळलं, असं वेंडेलला वाटलं.

पण एमिलचा चेहरा उजळला होता. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

"बघितलंस जोलीन? अख्खा माणूस पुढे आला, पण दांडा केसभर हलला नाही! याच्यावर झोपलं तरी पडणार नाही गडी. हेच दे. बांध."

एमिलला कसलीही शंका आली नव्हती. वेंडेल सुटला होता. आता नुसतं खाली उतरायचं आणि गाडीत बसायचं, बस्स.

एमिलनं जोलीनच्या गल्ल्यावर आपली कापडी पिशवी ठेवली आणि तिच्यातून एक फळी काढली. हातभर लांब, एका टोकाला खिळ्यांची तीन भोकं. "तुला दाखवायची होती," तो हलक्या आवाजात जोलीनला म्हणाला, तरी वर बसलेल्या वेंडेलला ते ऐकू येत होतं. "तू लाकूड जाणतेस, तुझा बाप माझ्याबरोबर कामाला होता. कुजलेली नाही. किडलेली नाही. मग चूक माझ्या हाताचीच ना? खिळा कमी पडला असणार. कसा कमी पडला, काही केल्या कळत नाही. जीव गेला असता गं त्याचा."

जोलीननं फळी हातात घेतली.

"एमिल," वरून आवाज आला.

"आता काय? पट्टी टोचते?"

"तुझी फळी तुटली नव्हती." वेंडेलनं कानटोपी काढली. "मी झोपलो होतो. आत्ता झोपलो तस्साच. पडताना मीच ती उपटली. तू विचारलंस, मी मान हलवली. मला लाज वाटली रे. नियम माझा होता."

मार्सेलाच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

"नऊ महिने," एमिल म्हणाला. तो ओरडला असता तर वेंडेलला बरं वाटलं असतं. "सुनेनं नातवासाठी झोपाळा मागितला. तिला म्हटलं, दुकानातून आण. चर्चच्या पायऱ्या करायला बोलावलं, गेलो नाही. माणसं पडतील म्हणून." त्यानं फळी जोलीनच्या हातातून घेतली आणि तो बाहेर निघून गेला.

वेंडेल शिडी कशी उतरला ते त्याचं त्यालाच माहीत. बाहेर एमिल गाडीच्या मागच्या फळ्यावर बसून मांडीवरच्या लाकडावरून हात फिरवत होता. वेंडेल समोर जाऊन उभा राहिला, त्या उन्हात, नखशिखान्त नारिंगी.

"लाकूड चांगलं होतं," एमिल म्हणाला.

"हो."

"खिळेही पुरेसे होते."

"तुझं काम चांगलंच होतं. मी नालायक. काय वाटेल ते बोल मला, पण खोपटात ये. तुझ्यावाचून मला तिथे करमायचं नाही रे."

एमिलनं खिशातून चाकू काढला.

"जाकीट काढ. शर्ट बाहेर ओढ."

मार्सेला दारातून किंचाळली, "अरे एमिल!" पण वेंडेलला कळलं. हरणावरचा नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि कारण लिहायचं आणि ते खोपटाच्या भिंतीवर लावायचं, ही तिथली जुनी रीत. त्यानं मुकाट्यानं पाठ केली. एमिलनं टोक धरलं आणि कापलं, आणि कापतच गेला, पार खांद्याच्या हाडापर्यंत. घामानं चिंब बनियनमधून वेंडेलच्या पाठीला वारा लागला.

"मार्सेला, पेन आण," एमिल म्हणाला. "आणि माझी किल्लीही."

कापड मांडीवरच्या फळीवर ताणून धरत त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं: वेंडेल स्टोडोला, झोपला आणि खोटं बोलला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"हे भिंतीवर मी ठोकणार," तो म्हणाला. "कोपऱ्यात नाही, चुलीच्या वर मधोमध. चार खिळे मारणार, आणि उपटून दाखव मग."