कोरा शिधा

अत्तराच्या कुपीचं काचेचं बूच नीट बसत नव्हतं. अंगठ्यानं दाबलं की आत जायचं, अंगठा उचलला की केसभर वर यायचं... जैनोद्दीननं ते पुन्हा दाबलं. हिन्याचा वास बोटांना लागला होता, म्हणजे आता तो कपड्यांना लागणार, कपड्यांबरोबर कचेरीत जाणार, आणि कचेरीत जो तो मान वर करून म्हणणार – आला, जुन्या राज्याचा वास आला. म्हणणार नाहीत कदाचित. नुसतं बघतील. निजामाचं राज्य मोडून हिंदुस्थानची मिलिटरी आल्यापासून भूममध्ये लोक बोलायचे कमी आणि बघायचे जास्त.

"घेताय न्हवं मियाँ?" शरणबसप्पा गादीवरून म्हणाला. गेल्या दिवाळीला ह्याच गादीवरून तो अर्धा उठायचा आणि 'मुन्शीसाब' म्हणायचा. आता उठत नाही. पण हाकलतही नाही, हे काय थोडं झालं?

"बघतो जरा," जैनोद्दीन म्हणाला, आणि आपला आवाज किती मऊ लागला हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. कचेरीत पूर्वीपासून रीत होती – सण कुणाचाही असो, ईद असो की दिवाळी, सुट्टीच्या आदल्या दिवशी बरोबरच्या माणसांनी एकमेकांना काहीतरी द्यायचं. फार भारी नको, फार हलकंही नको. देणाऱ्याची शोभा राहावी आणि घेणाऱ्याला ओझं होऊ नये, एवढंच. मुसलमानानं हिंदूला खायचं द्यायचं तर ते कोरं द्यायचं: शेवया, साखर, खारीक, खोबरं एका फडक्यात बांधून. शिजवणं ज्याचं त्यानं आपापल्या चुलीवर. हिंदूंकडून मात्र तयार फराळ यायचा आणि तो सगळे खायचे. ह्यात कधी कुणाला वावगं वाटलं नाही. जैनोद्दीनच्या वडिलांनी ह्याच कचेरीत जन्मभर कोरा शिधा दिला आणि हसतमुखानं करंज्या खाल्ल्या.

आणि आता मात्र दुपारच्या सुट्टीत ह्या दुकानात मी केव्हाचा उभा आहे, आणि तीन माणसांना काय द्यावं हे मला सुचत नाही.

बिरदेव चपराशाचं सोपं होतं. सुपारी, कात, चांगली तंबाखू. एवढं पुष्कळ झालं. पण बिरदेवाला नेहमी अडकित्ता हवा असायचा, आणि समोरच एक पितळी अडकित्ता टांगलेला होता, मोराच्या आकाराचा, देखणा. जैनोद्दीननं हात वर केला आणि तसाच खाली घेतला. अडकित्त्याला पातं असतं. ह्या दिवसांत मुसलमानानं पात्याची वस्तू खिशात घालून कचेरीत जायचं... वाटेत कुणी हटकलं तर काय सांगणार? सुपारीसाठी? त्याला स्वतःचीच कीव आली. त्यानं तंबाखूची पुडी बाजूला काढली.

सिद्धेश्वर तरुण कारकून, महिन्याभरात त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी आली होती. त्याला खादीचा रुमाल द्यावा. पण आजवर कधी दिली नाही ती खादी आजच का सुचली? रुमाल देताना तो रुमाल राहणारच नाही, अर्ज होईल – मेहरबान, नोकरीवर ठेवावं. बरं, टाक द्यावा, तर तेही तसंच. कचेरीचं कामकाज उर्दूतून मराठीत चाललं होतं. ज्याला मराठी बोलता येतं पण लिहिताना ज्याची अक्षरं लंगडतात, अशा माणसानं टाक भेट द्यायचा म्हणजे आपणहून आपलं दुखणं टेबलावर मांडायचं. साखर? साखर कंट्रोलची, मिळवली कुठून असं विचारतील. कुठलीही वस्तू हातात घेतली की ती आपली राहत नव्हती. ती दयेची भीक होत होती, नाहीतर लाच, नाहीतर जुना तोरा. वस्तू त्याच होत्या. देणारा हात बदलला नव्हता. मग काय बदललं होतं... कचेरीतला बशीर शहाणा, खुर्ची सोडून सरळ हैदराबादला निघून गेला. त्याच्या खुर्चीवर आता मिसलींचे, जुन्या फायलींचे गठ्ठे असतात.

आणि अण्णाराव, कचेरीतले जुने सोबती. अण्णारावांसाठी खरं तर दुकानात यायचं कारणच नव्हतं.

सकाळी तो निघताना त्याची बायको मदिनाबी चुलीपाशी होती. बकरीद आली आणि गेली, तेव्हा घरात काहीच झालं नव्हतं, कुणी कुणाकडे गेलं नव्हतं. आणि आज तिनं शेजारणीकडून दूध आणलं होतं, खारका भिजत घातल्या होत्या.

"शीरखुर्मा करू ना?" ती म्हणाली. "अण्णाराव भाईको पसंद है. ईदला दोन वाट्या खाल्ल्या होत्या त्यांनी."

"हं."

"दुपारच्या सुट्टीत येऊन डबा न्या. गरम असतानाच."

मग ती खारकांतल्या बिया काढता काढता, जणू पाऊस पडेल म्हणावं इतक्या सहज म्हणाली, "वजीरलाही खारीक लई आवडते." वजीर तिचा धाकटा भाऊ. मिलिटरी आली त्या आठवड्यात शेताच्या वाटेनं भूमला यायला निघाला होता. अजून पोचलेला नाही. जैनोद्दीननं चपला घातल्या. तिच्यासमोर तो वजीरबद्दल बोलत नसे, आणि स्वतःशीही शक्यतो नाही.

दोन वाट्या... हो, दोन वाट्या. गेल्या रमजान ईदेची गोष्ट, मिलिटरी यायच्या आधीची. जैनोद्दीन अण्णारावांसाठी नेहमीसारखा कोरा शिधा बांधून ठेवत होता आणि अण्णाराव स्वतः घरी आले. दारातून आत, बैठकीत. "बांधून कशाला देताय मियाँ? वाटीतच वाढा की आज." लिंगायत माणूस, कुणाच्या हातचं पाणी न पिणारा, आणि आपण होऊन म्हणतो वाढा! मदिनानं चिनी मातीच्या वाट्या काढल्या होत्या, लग्नातल्या. अण्णारावांचा हात आधी सदऱ्याआड गळ्यातल्या लिंगाकडे गेला होता, मग वाटीकडे. आणि ते खाऊ लागले. "लई झकास झालंय," म्हणाले. हसले. आणि वाटी पुढे केली – "अजून घाला."

त्या दुसऱ्या वाटीवर जैनोद्दीन पुढचे कित्येक दिवस जगला होता. बाहेर जग बिघडत चाललं होतं, रोज काहीतरी वंगाळ कानावर येत होतं, आणि तो रात्री पडल्या पडल्या स्वतःला सांगायचा – बिघडू दे, आपल्या घरात अण्णारावांनी दुसरी वाटी मागून घेतली. पहिली वाटी मानासाठी खातात. दुसरी कुणी मानासाठी मागतं का? वडिलांना जे जन्मभर जमलं नाही ते आपल्या नशिबी आलं, असंही त्याला वाटलं होतं. त्यानं ते बोलूनही दाखवलं होतं. चारचौघांत.

"घेऊन टाका ती कुपी," शरणबसप्पा म्हणत होता. "आता गिऱ्हाईक कुठंय तिला? न्हाय घेतली तर मीच लावून बसतो अंगाला. गिऱ्हाईक न्हाय तर न्हाय, घरच्या म्हशी तरी हुंगतील."

जैनोद्दीन हसला.

विनोद काही फार मोठा नव्हता. पण तो हसला, आणि शरणबसप्पाचं तोंड मिटल्यावरही हसतच राहिला, डोळे बारीक करून, मान थोडी हलवत, समोरचा खूश आहे ना हे बघत... आणि मध्येच थांबला. हे हसणं त्याचं नव्हतं. हे त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. डोळे असेच बारीक, मान अशीच हलणारी. त्याच्याच बैठकीत, त्याच्याच गालिच्यावर, हातात चिनी मातीची वाटी.

आणि समोर वजीर.

वजीर होता तिथं. हे तो विसरला नव्हता, फक्त ईदेच्या त्या चित्रात त्यानं वजीरला कधी बसवलं नव्हतं. रझाकारांचा खाकी पोशाख, कमरेला पट्टा, भिंतीला टेकवलेली बंदूक; गावभर मिरवून आला होता आणि मेव्हण्याच्या घरी शीरखुर्मा खायला बसला होता. "खाइये, खाइये अण्णारावजी. शरमाते क्यूं?" पोरगं आपलं आदरातिथ्य करतंय असं जैनोद्दीनला वाटलं होतं, आणि बरंही वाटलं होतं. वजीर म्हणाला होता, "और लीजिये." त्यावर वाटी पुढे झाली होती. त्यावर. आधी नाही.

जैनोद्दीननं कुपी खाली ठेवली. कुपी कलंडली, शरणबसप्पानं ती सावरली आणि काहीतरी म्हणाला, ते त्याला ऐकू आलं नाही.

मग माझ्या घरी ते आलेच का होते? त्या दिवसांत न जाणं धोक्याचं झालं होतं म्हणून? कुणाच्या तरी डोळ्यावर येऊ नये म्हणून? एक माणूस जीव मुठीत धरून माझ्या गालिच्यावर बसला होता, एकेक चमचा घशाखाली ढकलत होता, आणि मी त्याच्यासमोर पंखा घेऊन बसलो होतो, माझ्यासारखा सुखी मीच... आणि नंतर मी ते चारचौघांत सांगितलं. सांगताना अण्णाराव तिथंच होते. तेव्हाही हसले होते.

पण मग सप्टेंबर? सप्टेंबराचं काय करायचं? मिलिटरी आली, वाऱ्यावर गावं पेटल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा अंधारात येऊन ह्याच अण्णारावांनी त्याला आणि मदिनाला आपल्या वाड्यामागच्या कडब्याच्या खोलीत नेऊन लपवलं होतं. दारात माणसं आली होती. अण्णारावांचा आवाज त्यानं आतून ऐकला होता – "माझ्या घरात शिरायचं असंल तर माझ्या अंगावरून जावा." त्या आवाजात भीती नव्हती. त्या खोलीतून जिवंत बाहेर आलो हे कयामतपर्यंत फिटायचं नाही. आणि त्याच खोलीत अण्णारावांच्या पत्नी लक्ष्मम्मा भाकरी आणायच्या ती पत्रावळीवर. पाणी आणायच्या ते उंचावरून ओंजळीत ओतायच्या. अण्णाराव स्वतः आले तरी तसंच, दोन हात लांब उभे राहून. तेव्हा त्याला वाटलं होतं, घाई आहे, भांडी कुठून आणणार बिचाऱ्या... त्याचं त्यालाच वाटून घेतलं होतं. ज्या माणसानं जीव पणाला लावला त्यानं तांब्या हातात दिला नव्हता. तेच खरं होतं. दोन्ही खरं होतं – जीव देणंही आणि तांब्या न देणंही. फक्त ती वाटी खोटी होती. त्याला जे हवं होतं नेमकं तेवढंच.

"शेवया आहेत का?" त्यानं विचारलं.

"कोऱ्या?"

"कोऱ्या. खारीक, खोबरं, खडीसाखर. एका फडक्यात बांधा."

घरी दूध आटत असेल. मदिनानं डबा घासून ठेवला असेल, दारापर्यंत दोनदा येऊन गेली असेल. डबा नेला असता तर आज कळलं असतं. आज कुणी समोर पट्टा लावून बसलेलं नव्हतं. आज नको म्हणायची अण्णारावांना मुभा होती. नको म्हणाले असते तर कळलं असतं. आणि खाल्लं असतं तर? तर दया म्हणून खाल्लं, असंच वाटलं असतं. ह्या जन्मी कुठल्याही तराजूत आता ते नीट तोललं जाणार नव्हतं. कचेरीकडे परतताना घराकडची गल्ली आली तेव्हा तो खाली बघून पुढे गेला.

कचेरीत सुट्टीचं वारं होतं. सिद्धेश्वरनं चकल्यांचा पुडा दिला आणि रुमाल घेतला – शेवटी साधाच, काठाचा, बाजारातला. "कशाला उगीच," तो म्हणाला, तेही सणासुदीला म्हणतात तसंच, सरळ. बिरदेवानं तंबाखू नाकाला लावली, लावता लावता "न्हाय म्हणलं आवंदा मिळती का न्हाय," असं म्हणून दात काढले. इतकं सोपं होतं हे. जैनोद्दीनला हायसं वाटायला हवं होतं.

अण्णाराव शेवटी उठले. त्यांनी फराळाचा डबा जैनोद्दीनच्या टेबलावर ठेवला. गेला महिनाभर तेच त्याचे मराठी शेरे नीट करून देत होते, पूर्वी त्यांची उर्दू तो नीट करायचा तसे. एका अक्षरानंही त्यांनी कधी ते जाणवू दिलं नव्हतं. जैनोद्दीननं फडक्याची गाठ पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, बोटांनी जरा दाबली, आतल्या शेवया कुरकुरल्या.

"कोराच?" अण्णाराव म्हणाले.

एवढंच. आणि वर पाहिलं. जैनोद्दीन त्या चेहऱ्याकडे बघत राहिला – सुटलो, असं होतं का त्यात? की लागलं होतं काही? तो चेहरा त्याला वर्षानुवर्षं ओळखीचा होता आणि त्यातलं काहीच त्याला वाचता येईना.

"म्हटलं, वहिनींच्या हातचं होऊ दे," तो म्हणाला. "सण तुमचा."

"व्हय. करील ती." अण्णारावांनी डबा जरा त्याच्याकडे सरकवला. "मदिनाबींनी दूध आणलं होतं म्हणून ऐकलं सकाळी. मला वाटलं..." मग त्यांनी गाठ काखेत धरली आणि पुढचं बोललेच नाहीत. आपल्या जागेवर जाऊन मिसली बांधू लागले.

काय वाटलं? उठावं, दोन पावलं जावं, विचारावं. अण्णाराव, काय वाटलं तुम्हाला? ईदेला तुम्ही का खाल्लं? सप्टेंबरात मला का लपवलं? पण विचारलं तर अण्णाराव उत्तर देतील, आणि चांगलंच देतील, कारण माणूस चांगला आहे. आणि त्या उत्तरावर माझा विश्वास बसणार नाही. विश्वास बसण्याची जी जागा असते ती दुपारीच, शरणबसप्पाच्या दुकानात, रिकामी होऊन गेली होती. डबा गार होत असेल. मदिना म्हणेल, डबा न्यायला आला नाहीत? ती काय, वजीरचीही वाट बघते.

त्यानं फराळाचा डबा उघडला. करंजी मोडली, तोंडात घातली. चांगली झाली होती. खाताना त्याला स्वच्छ कळलं, की आपल्याला खरं काय ते शोधायचंच नाही. अण्णाराव घाबरून खात होते ती दुपार, तो घाम, ते बारीक झालेले डोळे, भिंतीची ती बंदूकसुद्धा – ते सगळं असू दे. खोटी तर खोटी, त्याला ती दुसरी वाटी परत हवी होती, आणि ती आता कुणाकडे मागायची हे त्याला कळेना.