खराती नजर

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, रखमाजी खरातांना, लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. टोमॅटोच्या तोड्याला ते क्रेट वाहतात, पण झाडावरच्या फळाला हात लावत नाहीत. आमच्या निमगाव सावा गावात हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. बीएस्सी झाल्यावर घोडेगावहून मला बघायला पाहुणे यायचे ठरले, तेव्हा तुळशीदासमामांनी मला बजावलं, "डोळ्यांचा विषय काढू नको. स्थळ लई चांगलं हाय."

पोहे झाले. मुलाला, नवनाथला, मी पसंत पडले होते. त्याची आई सारजाबाई यांनी पिशवीतून दोन साड्या काढून आबांपुढे ठेवल्या. "पावणं, यातली हिरवी तुमच्या हातानं पोरीला द्या. म्हंजी ठरलं."

आबांचा हात दोन्ही साड्यांवरून फिरला. त्यांनी लाल उचलली.

"आमचे दाजी लई चेष्टेखोर," मामा मोठ्यानं हसले.

आबांच्या कानशिलावर घाम होता.

"चेष्टा नाही," मी म्हणाले. "आबांना हे रंग जन्मापासून ओळखता येत नाहीत. मला येतात, पण ते माझ्यातून पुढं जाऊ शकतं. मुलगा झाला तर त्यालाही असण्याची निम्मी शक्यता आहे."

"अगं बया!" सारजाबाई म्हणाल्या. "काय रोग म्हणायचा ह्यो?"

"रोग नाही. इंग्रजीत अशा नजरेला डाल्टोनियन म्हणतात. डाल्टन या आडनावावरून."

"दुखण्याला आडनाव? लई वैरी व्हते वाटतं त्याला."

"वैऱ्यांनी नाही दिलं. तो शास्त्रज्ञ होता. त्याला स्वतःलाच रंग नीट कळायचे नाहीत. त्यानं ते लपवलं नाही, इतर विद्वानांसमोर सभेत मांडलं. म्हणून त्याचं आडनाव लागलं."

"मग आता तुमचं बी लावायचं का?"

"लावा. खराती नजर म्हणा. घोडेगावात सांगा, ओझरला देवळापुढं सांगा. आमची हरकत नाही."

नवनाथ आईच्या तोंडाकडे बघत राहिला. सारजाबाईंनी दोन्ही साड्या पिशवीत कोंबल्या. पाहुण्यांची जीप निघून गेली.

"मोडलंस ना!" मामा माझ्यावर ओरडले. "आता कोण येतंय हितं, बघतोच मी."

आबा चटईवरून उठले.

"तुळशीदास, तिला बोलू नको. पुढचं स्थळ आणशील तवा वाटंतच सांग त्यास्नी, रखमाजी खराताला रंग कळत न्हाई म्हणून. ज्यास्नी चालंल ते येतील. बाकीच्यांना पोहे कशाला घालायचे?"