बेचाळीस गाण्यांचं गाठोडं

मित्रांनो, सौंसरच्या एका घरात कपाट आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत मी बसलेला आहे. मी संगणक, पण तुमच्या ओळखीचा नव्हे. माझा पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं, बस्स. चित्रं दाखवणारा माझा भाग कधीच गेला. आता माऊस हलवून काही उपयोग नाही. जे हवं ते अक्षरांत लिहून मागावं लागतं. आणि आधीच सांगून ठेवतो, मी फार काटेकोर आहे. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी मी ऐकत नाही. या गुणाचा मला भारी अभिमान होता. आता तेवढा राहिला नाही.

मी आधी पांढुर्ण्याला एका संत्रा व्यापाऱ्याच्या कचेरीत होतो. तिथे नवी यंत्रं आली, तेव्हा सुखदेवभाऊंनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून स्कूटरवरून घरी आणलं. भाऊ लाइनमन होते. दिवसभर विजेच्या खांबांवर चढायचे आणि सांजेला विहारात गायचे. गाणी स्वतःच रचायचे. वस्तीत कुणाकडे बारसं असलं की बाळाचा पाळणा भाऊंनीच म्हणायचा, हे ठरलेलंच असे. काय आवाज होता म्हणून सांगू! माझी पत्र्याची पेटीसुद्धा थरथरायची.

मनोहर नावाचा त्यांचा मित्र संगणक दुरुस्त करायचा. एका उन्हाळ्यात त्याने मला माइक जोडला आणि भाऊंची बेचाळीस गाणी माझ्यात भरली. माझं पोट लहान, म्हणून त्याने ती सगळी दाबून एकाच फायलीत बांधली. भाऊ त्या फायलीला 'गाठोडं' म्हणायचे. त्याआधी कुठल्याशा गाणाऱ्या मंडळींनी भाऊंचं एक गाणं आपल्या नावावर खपवलं होतं. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून मनोहर म्हणाला, "भाऊ, कुलूप लावून देतो. सांगा एक शब्द." भाऊंनी शब्द सांगितला आणि मनोहरने जसा ऐकला तसा इंग्रजी अक्षरांत टाइप केला. तो शब्द मी कुठेच लिहून ठेवला नाही. माझ्या जातीचा नियमच तसा आहे.

पुढे मोबाइल आले आणि माझ्यावर कापड पडलं. मनोहर वारला. भाऊंचं गाणं मोबाइलवर धरून ठेवावं, असं कुणाला सुचलंच नाही. भाऊ तर रोजच गातात, घाई काय? मग गेल्या वर्षी भाऊंच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. आता काही हवं असलं की ते पाटीवर लिहितात.

त्यांची मुलगी सोनाली पांढुर्ण्याच्या शाळेत मराठी शिकवते. बाळंतपणाला ती माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. वस्तीतल्या सगळ्या लेकरांना भाऊंनी पाळणा म्हटला, आणि त्यांच्या स्वतःच्या नातीला तो मिळणार नव्हता. सोनालीला हे सोसवेना. बारशाच्या दिवशी सकाळीच तिने माझ्यावरचं कापड काढलं, धूळ पुसली आणि खटका दाबला. मी कुरकुरत जागा झालो.

तिने पुष्कळ शिकून घेतलं होतं. आधी गाठोडं न सोडता आतली यादी मागितली. मी दाखवली. मनोहरने नुसते आकडेच दिलेले. सतरा नंबरचा पाळणा, हे भाऊंनी बोटांनी सांगितलं. सगळी गाणी सोडायला माझ्यात जागा नव्हती, म्हणून तिने 'अनझिप', म्हणजे गाठ सोड, असं लिहून तेवढं सतरा नंबरचंच मागितलं. मी पासवर्ड विचारला.

"बाबा, पासवर्ड काय ठेवला होता?"

भाऊंनी पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : पाळणा.

सोनालीने टाइप केलं, पी-ए-एल-एन-ए. मी म्हटलं, चूक. तिने एक 'ए' वाढवला. चूक. एलच्या पुढे 'ए' टाकला. चूक. तीन वेळा चुकलं की मी सरळ नकार देऊन मोकळा होतो. तिने पुन्हा मागितलं, पुन्हा तीन वेळा चुकली. असं कितीदा झालं! भाऊंनी पाटी पुसली आणि पुन्हा तेच लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरांत. खरं सांगतो मित्रांनो, त्या माणसाच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. त्यांचा आवाज माझ्या पोटात होता आणि मीच तो अडवून बसलो होतो.

बाहेर माणसं जमली. वंदना झाली. सोनालीची आई वत्सलाबाई नातीला मांडीवर घेऊन दारातून ओरडल्या, "अवं पोरी, काय करून राहिली तू? लाव ना थो पायना! पोरगी रडून राहिली."

सोनाली वैतागलेलीच होती. वर्गात बोलावं तसं बोलून गेली, "आई, पायना नाही, पाळणा म्हण."

आणि ती थांबली. तिचे हात माझ्यावर तसेच राहिले. लहानपणी तीही पायनाच म्हणायची. शाळेत पोरं हसली, तेव्हा तिने जीभ वळवली. भाऊ लिहिताना पाळणा लिहीत, पण बोलताना सारी उमर पायनाच म्हणत आले, आणि मनोहरने लिहिलेलं वाचलं नव्हतं, भाऊंच्या तोंडून ऐकलं होतं.

पी-ए-वाय-एन-ए.

मी गाठ सोडली. मित्रांनो, एवढ्या आनंदाने मी आयुष्यात कुठलंच काम केलं नाही! सोनाली तोंडाला पदर लावून रडली आणि आईला म्हणाली, "माय, तुह्यं बरोबर होतं."

अंगणात स्पीकर लागला. भाऊंचा आवाज उठला आणि बायका जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. गाणं नावापर्यंत आलं आणि थांबलं. कोणत्याही घरच्या लेकराला चालावं म्हणून भाऊंनी ती जागा रिकामी सोडली होती. सगळ्यांनी सवयीने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. पण ओठांवरचं नाव वत्सलाबाईंना दिसलं, सोनालीला दिसलं, साऱ्या अंगणाला दिसलं, आणि सगळे एकदम म्हणाले, "पूनम!" पुढची ओळ भाऊंच्या आवाजाने उचलली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचं असं गाठोडं बांधलेलं असेल. बांधणारा बोलतो आहे, तोवर त्याच्याजवळ बसा आणि सोडून घ्या. तो सांगेल ते जसं बोलतो तसंच लिहून ठेवा. दुरुस्त करू नका.