त्या जागी ब्रश लावू नका

डॉक्टर अनिरुद्धांनी माझ्या आईच्या तोंडातलं हाड कापलं आणि तिला ते सांगितलंसुद्धा नाही. हे वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत इतक्या जणांना ऐकवलंय, की ऑफिसच्या कँटीनमध्ये मी ताट घेऊन आले की मंडळी टेबल बदलतात. बदलू देत. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

माझी आई, कांताबाई, महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होती. वडील खडकीच्या कारखान्यात होते, ते गेले त्याला सहा वर्षं झाली. आम्ही दोघी बोपोडीत राहतो. मी खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून त्यांना दाखवायच्या आणि महिनाअखेर त्याचाच पगार घ्यायचा. हे काम मला फार छान जमतं असं माझे साहेब म्हणतात, आणि मला ते पटतंही.

गेल्या हिवाळ्यात खारीक खाताना आईचा वरचा, अगदी पुढचा दात मोडला. थेट हिरडीपाशी. एकसष्टाव्या वर्षापर्यंत आईचा एकही दात किडला नव्हता, पडला नव्हता आणि त्याचा तिला भारी तोरा होता. दर रविवारी विहारात ती लहान मुलांना वंदना शिकवते. एकेक शब्द मोकळा, ठणठणीत, मागच्या रांगेतल्या पोरालाही चूक करायची सोय नाही. दात मोडल्यापासून तिने विहारात जाणं बंद केलं. बोलायला लागली की पदर तोंडावर जायचा. मुलं घरी येऊन विचारायची, "आजी, कधी येणार?" आणि ही आतूनच ओरडायची, "दात बसवला की येते म्हणावं." तिला बाकी काही नको होतं. तो दात परत हवा होता आणि मुलांसमोर उभं राहायचं होतं.

खराडीचा तो दवाखाना आमच्या कंपनीच्या यादीत होता. काचेचे दरवाजे, आत मंद संगीत, पाणी प्यायला कागदी पेले. डॉक्टर अनिरुद्ध पस्तिशीचे असतील. मला 'मॅडम' म्हणायचे आणि आईला 'मावशी'. तिथे फरशी पुसणाऱ्या बाईलाही ते मावशीच म्हणायचे, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू?

रूट कॅनाल झालं. मग डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि इंग्रजीतून मला समजावलं. दात हिरडीच्या वर फारसा उरलाच नाही, त्यामुळे कॅपला धरायला जागा नाही. क्राउन लेंग्थनिंग करू, म्हणजे हिरडी जरा ट्रिम करू, दात उघडा पडेल, त्यावर कॅप बसेल. अर्ध्यापाऊण तासाचं काम. आई खुर्चीत आडवी, गळ्याला निळा कागद बांधलेला, आणि आम्ही दोघं तिच्या तोंडावरून एकमेकांशी बोलत होतो.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"हिरडी थोडी कापायची आहे गं. लगेच होतं."

"कापायची म्हणजे किती?"

"थोडीशी," डॉक्टर हसून म्हणाले. "नखं कापतो ना मावशी, तसं समजा."

नखं! नंतर ऑफिसात बसून मी वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. हिरडी बाजूला करून बहुतेक वेळा दाताभोवतीचं हाडही तासावं लागतं आणि ते हाड काही पुन्हा वाढत नाही. शेजारच्या दातांचीही हिरडी वर सरकते, तेही लांब दिसू लागतात, फटी पडतात. मूळ उघडं पडल्यामुळे थंड-गरम झोंबतं. पक्की कॅप बसवायच्या आधी सहा-आठ आठवडे तरी थांबायचं असतं, आणि पुढचा दात असेल तर हिरडी कुठे स्थिरावते ते पाहायला त्याहूनही जास्त. आणि मुळात आधी विचारायचं असतं, की दात वाचवायचाच आहे का, की काढून दुसरा बसवायचा? यातलं एक अक्षर त्या माणसाने आईला सांगितलं नाही. मलाही नाही, पण माझं सोडा, माझ्या तोंडात कुणी पातं घालणार नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. आईने पिशवीतून चष्मा काढला. "राहू दे, इंग्रजीत आहे," म्हणून मी फॉर्म ओढून घेतला, भराभर खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. दोन मिनिटंही लागली नसतील. असली कामं मला झटपट जमतात.

तासाभराने आई बाहेर आली ती गाल धरून. नर्सने एक छापील कागद माझ्या हातात दिला आणि आईला तोंडी सांगितलं, "आजी, त्या जागी ब्रश लावायचा नाही. मिठाच्या कोमट पाण्याने हळूच चुळा भरायच्या. तिखट, गरम नको." आईने मान डोलावली. तो कागद मी घरी फ्रिजवर चिकटवला. तोही इंग्रजीतच होता, आणि त्या आठवड्यात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, त्यामुळे मीही तो वरवरच वाचला.

आईने मात्र सगळं पाळलं. शाळेत मुख्याध्यापकांनी सांगितलेली वेळ तिने तीस वर्षांत कधी चुकवली नव्हती, इथे तर डॉक्टर होते. दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, दिवसातून चार वेळा मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या, ब्रशला हात लावला नाही.

दहाव्या दिवशी टाके काढले. डॉक्टर म्हणाले, "जरा स्लो हीलिंग आहे, होईल." दोनच आठवडे झाले होते, तरी त्यांनी तात्पुरती कॅप बसवून टाकली, कारण मीच म्हणाले होते की मला पुन्हापुन्हा सुट्टी मिळत नाही. महिना भरायच्या आत हिरडी वर गेली. दाताचं पिवळं मूळ दिसायला लागलं, शेजारच्या दाताचंही. वास यायला लागला. एका सकाळी चहाचा पेला हातात धरून आई म्हणाली, "शर्मिला, हलतोय गं हा." तिचा आवाज कसा झाला होता ते मी कधी विसरणार नाही.

मी तिला घेऊन तडक खराडीला गेले. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं, आरसा आत घातला आणि नाक मुरडलं.

"मावशी, दाताला काय लावता?"

"मशेरी," आई म्हणाली. अगदी सरळ, जसं कुणी नाव सांगावं तसं.

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"ऑपरेशननंतरही लावलीत?"

"हो, रोज. पण ब्रश नाही हं लावला. बाईंनी सांगितलं होतं ना. बोटानेच लावायचे, अगदी हलक्या हाताने."

आमच्या घरात ब्रश एकच आहे, तो माझा. आईने जन्मात कधी ब्रश वापरला नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, वाटून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ मोरीपाशी बसून बोटाने दात घासायचे. तिच्या लेखी ती तंबाखू नाहीच. तंबाखू पुरुष खातात. मशेरी दात साफ करायला असते. त्या उघड्या जखमेवर, टाक्यांवर तिने महिनाभर ती मशेरी चोळली होती, आणि सांगितलेलं तंतोतंत पाळतोय या समाधानात चोळली होती.

डॉक्टर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "या लोकांना कितीही सांगा, उपयोग नाही."

या लोकांना! मग मी काही बाकी ठेवलं नाही. "कोणत्या लोकांना, डॉक्टर? ज्यांना तुम्ही एकदाही काही विचारलं नाहीत त्यांना? हाड कापलंत, सांगितलंत? कॅपच्या आधी किती थांबायचं ते सांगितलंत? दात काढायचाही पर्याय असतो, सांगितलंत? तिला मराठी येतं, वाचता येतं, तुमच्या भाषेतला एकच कागद तिच्या भाषेत छापला असता तर तुमची काच तडकली असती का?" काचेच्या दाराबाहेरची माणसं आत पाहायला लागली. पाहू देत, म्हटलं.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी फाइल उघडली, फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवून एका ओळीवर पेन टेकवलं. तंबाखू, कोणत्याही स्वरूपात. पुढे दोन चौकोन. 'नाही'च्या चौकोनात खूण होती.

"मॅडम, ही सही कुणाची?"

माझी.

"काय लिहिलंय त्यात?" खुर्चीतून आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "चल."

रिक्षात तिने पुन्हा विचारलं. बंडगार्डनचा पूल ओलांडला. मग सांगितलं. हेही सांगितलं, की त्या ओळीपाशी माझं पेन थांबलं होतं. मला मोरीपाशीची डबी आठवली होती, तिचं काळं बोट आठवलं होतं. बाजूला आमच्याच कंपनीची एक बाई बसली होती, तिच्या अत्तराचा वास येत होता. मला वाटलं, ही फॉर्मकडे बघतेय. म्हणून मी 'नाही'वर खूण केली.

आई रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला विचारायचंस. मी सांगितलं असतं. मला कसली आलीय लाज?" थोड्या वेळाने म्हणाली, "शाळेत अंगठा देणाऱ्या बाईलासुद्धा मी आधी कागद वाचून दाखवायचे."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या शाळेतल्या जुन्या बाईंना फोन करून बुधवार पेठेतल्या डॉक्टर कौशल्यांचा पत्ता मिळवला. वायरी आणि रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वर, अरुंद लाकडी जिना, बसायला एक बाकडं. मी अर्धा दिवस रजा टाकून बरोबर गेले. नाव पुकारल्यावर मीही उठले.

"तू बाहेर बस," आई म्हणाली.

मध्ये प्लायवूडची फळी होती, सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर कौशल्यांनी आधी तिचा रक्तदाब बघितला. मग एकेक विचारत गेल्या. गोळ्या कोणत्या, साखर आहे का, तंबाखू, मशेरी, सुपारी?

"मशेरी. चाळीस वर्षं."

"सोडाल?"

"कळलं त्या दिवसापासून सोडलीय. आधी कुणी विचारलं असतं तर तेव्हाच सोडली असती."

मग त्यांनी तिच्या हातात आरसा दिला असावा, कारण म्हणाल्या, "हे बघा, इथलं हाड गेलंय. धरून ठेवायचा प्रयत्न करू शकते, पण दोन-तीन महिने जातील, आणि टिकेलच असं मी सांगणार नाही. तोवर शेजारचाही दुखावेल. नाहीतर हा काढायचा, जखम भरू द्यायची आणि मग तिथे दुसरा बसवायचा. तोही सवयीचा व्हायला वेळ लागतो. दात तुमचा आहे, तुम्ही सांगा."

खाली दुकानात कुणीतरी रेडिओची खरखर तपासत होतं.

"घरी विचारून येता का?"

"नको," आईचा आवाज आला. "तो कागद द्या, वाचते."

मी बाकड्यावरून उठले. दाराशी बसलेल्या बाईने मला खुणेनेच खाली बसवलं. आत भांड्यात अवजारं वाजली. मग काहीतरी बारीकसं टण्ण करून पडलं.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या दातांमध्ये कापसाचा बोळा होता आणि हातात मराठीत छापलेला कागद, खाली तिची स्वतःची सही. चष्मा अजून डोळ्यांवरच होता. वर मधोमध, जिथे दात होता तिथे, काही नव्हतं.

"काढलास?" मी ओरडले. बाकड्यावरची सगळी माणसं माझ्याकडे पाहायला लागली, तरी मला थांबता येईना. "आई, असं कसं गं? मला एकदा विचारायचंस तरी!"

आईला बोलता येत नव्हतं. तिने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, सावकाश, बराच वेळ. मग माझ्या हातातली तिची पिशवी काढून घेतली आणि जिना उतरायला लागली.