बंद दारावर संपलेला बोलपट

सोनारीच्या जत्रेत त्या दुष्काळी वर्षी सिनेमाचा एकच तंबू लागला, आणि त्यातही नवा सिनेमा नव्हता. तिकिटं कितीशी खपणार म्हणून मालकानं स्वस्तातला जुना बोलपट आणला होता. चित्रं नुकती बोलायला लागली, त्या काळचा. पाझर तलावाच्या कामावरची माणसं संध्याकाळी हातपाय धुऊन तिकडं गेली. मुक्ताबाईही नवऱ्याबरोबर, पिराजीबरोबर गेली.

गोष्ट साधीच होती. नावाड्याचा पोरगा आणि इनामदाराची पोरगी यांचा एकमेकांवर जीव जडतो. बाप तिचं लग्न दुसरीकडं लावून देतो. कैक वर्षांनी तो पोरगा फिरत फिरत तिच्या दारात येतो आणि पाणी मागतो. ती तांब्या आणते, त्याच्या हातात देते. तो पितो. ती तांब्या परत घेते आणि दार लावते. त्या बंद दारावरच खेळ संपतो.

बोलणं नाटकातल्यासारखं होतं, आवाज खरखरत होता. ती बाई नाकात गायची तेव्हा तंबूत हशा पिकला. पण दार लागलं, तसे सगळे गप झाले.

दुसऱ्या दिवशी खडी फोडता फोडता वाद पेटला.

“बाई शहाणी,” धुळाप्पा म्हणाला. “नांदत्या घराला काडी लावली न्हाय तिनं.”

“शहाणी कसली?” सिताबाई म्हणाली. ती धनगराची सून. कामावर पाणी वाटायचं काम तिच्याकडं होतं. “कसा हाइस, एवढं इचारलं असतं तर काय घर बुडत हुतं?”

तिची सासू गजराबाई पाटी भरत होती. ती म्हणाली, “चूक त्या पोराची. लोकाच्या बायकूच्या दारात जावंच कशाला मानसानं?”

मुक्ताबाई हातोडा चालवत ऐकत होती. तिच्या लोकांची रांग पलीकडच्या टोकाला बसायची. ती नवी नवरी होती तेव्हाच सगळ्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला होता. पण इथं पाणी अजून वरूनच ओंजळीत पडायचं. सिताबाई पाण्याच्या लोखंडी टिपाडातनं तांब्या भरून आली. मुक्ताबाईनं ओंजळ पुढं केली.

“तू कायच बोलली न्हाईस,” पाणी ओतता ओतता सिताबाईनं विचारलं. “तुला पटलं का तिचं दार लावणं?”

“म्या दाराकडं ध्यानच दिलं न्हाय. तांब्याकडं बघत हुते. तिनं तो त्याच्या हातात दिला.”

“मग? त्यात काय एवढं?”

“इनामदाराची लेक ती. नावाड्याच्या हातात दिला, आन् तो तोंड लावून प्याला.”

“तो नावाडी, पण तुमी...” सिताबाई बोलता बोलता थांबली. मुक्ताबाईनं ओंजळीत उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि हातोडा उचलला.

त्या संध्याकाळी सिताबाई पुन्हा तोच खेळ बघायला तंबूत गेली. सासूला वाटलं, रडायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी घेऊन आली. मुक्ताबाईनं सवयीनं ओंजळ धरली, पण सिताबाईनं तांब्याच पुढं केला.

“लोक बघायलेत,” मुक्ताबाई हळू आवाजात म्हणाली.

“बघू दे. घे.”

मुक्ताबाईनं घेतला, तोंडाला लावला. पाणी कोमट होतं, त्याला लोखंडाचा वास होता. घोट घशाखाली उतरेपर्यंत आपल्याला आनंद झालाय की भीती वाटतीय, हे तिला कळेना. मग तिनं तांब्या पिराजीला दिला.

गजराबाईनं तोंड फिरवलं. तिच्या रांगेतली कितीतरी माणसं त्या दुपारी तहानेलीच राहिली. मुकादम महारुद्र मूळचा वाईट माणूस नव्हता, पण त्याला भांडण नको होतं. “निम्मी मानसं पाणी पियाची न्हाईत. मला काम चालवायचंय,” म्हणत त्यानं सिताबाईकडचा तांब्या काढून घेतला आणि तिला खडीवर बसवलं.

पिराजीनं परंड्याला तालुक्याच्या कचेरीत जाऊन तक्रार केली. साहेब आले, सगळ्यांसमोर मुकादमाला खडसावून गेले. त्यातून निघालं एवढंच, की एका टिपाडाची दोन टिपाडं झाली. पिराजीच्या लोकांना आता आपल्या हातानं पाणी घेता येत होतं, पण आपल्याच टिपाडातलं. हे जिंकणं की हरणं, यावर वस्तीत आणखी एक वाद सुरू झाला.

सिताबाई आता मुक्ताबाईजवळ बसून खडी फोडायची. सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तिच्या तळहातांना फोड आले. मुक्ताबाईनं फाटक्या लुगड्याचं फडकं फाडून तिच्या हाताला बांधलं.

“माझ्यापायी तुझं हलकं काम गेलं,” ती म्हणाली.

“तू कुठं मागितला हुतास तांब्या?”

दोघी बराच वेळ दगड फोडत राहिल्या. मग मुक्ताबाईनंच विचारलं, “दुसऱ्यांदा बघितलास, तवा काय वाटलं?”

“पयल्यांदा तिचा राग आला हुता. आता वाटतंय, दार लावल्यावर ती आत काय करती, ते दावाय पायजे हुतं. दाराला कान लावून हुबी ऱ्हायली असंल.”

“न्हाय. सैपाकाला लागली असंल. घरात मानसं असत्यात, बाई.”

“तुला जीव लावणं म्हायतीच न्हाय.”

“आन् तुला दार लावणं,” मुक्ताबाई म्हणाली.

खडीवर बसल्यापासून सिताबाई पहिल्यांदा हसली. भाकरीची सुट्टी होईपर्यंत दोघींचं एकमत झालं नाही.